मायामीत फुलांच्या इम्पोर्टमध्ये नवीन आलात? असोसिएशन कुठे कामाला येते आणि कुठे नाही

दिवाळी झाली की कुणाच्या तरी ओळखीतून मेसेज येतोच, की अमक्याला डोरलमध्ये फ्लॉवर इम्पोर्टरकडे नोकरी लागलीये, किंवा तमकी नवऱ्याबरोबर छोटा इम्पोर्ट सुरू करतेय, आणि प्रश्न ठरलेला असतो, ही असोसिएशनची मेंबरशिप घ्यायची का, पैसे पाण्यात तर नाही जाणार. मी इथे परचेस आणि क्लिअरन्सच्या बाजूला बसतो, त्यामुळे दोन्ही प्रकारची माणसं बघितलीत. एक, ज्यांना वाटतं मेंबर झालो की कस्टम्सवाले सलाम ठोकतील, आणि दुसरे, ज्यांना वाटतं या संघटना म्हणजे नुसते डिनर आणि फोटो. दोघंही चुकतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी थोडं चित्र समजून घ्या. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक कापलेली फुलं बाहेरून येतात, मुख्य कोलंबिया आणि इक्वाडोरहून, आणि विमानाने येणाऱ्या या फुलांपैकी सुमारे ९० टक्के मायामी एअरपोर्टवरून आत येतात. एअरपोर्टच्या पश्चिमेला डोरल, तिथे रांगेने थंड गोडाऊनं. बोगोटाच्या आसपासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण २,६०० मीटर उंच आणि विषुववृत्ताजवळ, म्हणजे वर्षभर साधारण बारा तास उजेड आणि हवा थंड, त्यामुळे तिथे गुलाब आणि कार्नेशन बाराही महिने निघतं. संध्याकाळी बोगोटाहून विमान निघालं की चारेक तासांत मायामी. एवढं सोपं असूनही बॉक्स इथे पोचल्यावरच खरी मजा सुरू होते.

पायरी १: प्रॉब्लेम कुणाचा आहे ते आधी ठरवा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळं इथेच अडतं. तुमचा एक बॉक्स अडकला तर तो तुमचा प्रॉब्लेम, त्यासाठी तुमचा कस्टम्स ब्रोकर, म्हणजे कागदपत्रं करून माल सोडवून देणारा माणूस. फार्मने ५० सेंटीमीटरच्या ऐवजी ४० चे दांडे पाठवले तर तो तुमचा आणि फार्मचा प्रॉब्लेम, फोटो काढा, क्रेडिट मागा. पण रात्री दहा वाजता इन्स्पेक्शनची माणसंच संपली आणि एअरपोर्टवर सगळ्यांचीच पॅलेट उभी आहेत, किंवा वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी सही केली नाही म्हणून उद्यापासून सगळ्यांनाच ड्युटी, तर ते असोसिएशनचं काम. सगळ्यांचं अडलं तर संघटना, एकट्याचं अडलं तर ब्रोकर, एवढंच लक्षात ठेवा. असोसिएशनच्या ऑफिसला फोन करून माझा एअरवे बिल नंबर (विमानाने आलेल्या मालाच्या पावतीचा) अमुक, जरा बघा ना, असं करणारे लोक आहेत, त्यांना तिथली माणसं गोड बोलून ब्रोकरकडेच पाठवतात.

पायरी २: कोण कोण आहे ते माहीत करून घ्या

सुरुवातीला नावांचा नुसता गोंधळ होतो, म्हणून फक्त कामापुरतं सांगतो.

मायामीतल्या इम्पोर्टरांची घरची संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ फ्लोरल इम्पोर्टर्स ऑफ फ्लोरिडा, सगळे एएफआयएफ म्हणतात, ऐंशीच्या दशकापासून आहे. इम्पोर्टर मेंबर, आणि त्यांच्याबरोबर एअरलाइन, ट्रकवाले, ब्रोकर, हँडलिंगवाले असे धंद्याला जोडलेले लोक. तुम्ही मायामीतून काम करणार असाल तर पहिली ओळख हिच्याशी.

मग सोसायटी ऑफ अमेरिकन फ्लोरिस्ट्स, १८८४ पासूनची, ऑफिस व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात, वॉशिंग्टनला लागूनच. तिच्यात दुकानदार, होलसेलर, इथले शेतकरी, इम्पोर्टर सगळेच, त्यामुळे ती काँग्रेसमध्ये जाऊन बोलते तेव्हा पूर्ण फूलधंद्याच्या वतीने बोलते, पण त्याच कारणाने इम्पोर्टर विरुद्ध अमेरिकन शेतकरी असा वाद आला की तिला जपून बोलावं लागतं. होलसेलरांची वेगळी, होलसेल फ्लोरिस्ट अँड फ्लोरिस्ट सप्लायर असोसिएशन, यांची डिस्ट्रिब्युशन कॉन्फरन्स मायामीत होते, आणि नवीन माणसाने वर्षातून एकच कार्यक्रम करायचा तर मी हाच सांगेन, कारण तुमचे गिऱ्हाईक आणि तुमचे फार्म एकाच हॉलमध्ये टेबलं लावून बसलेले असतात.

पलीकडच्या बाजूला कोलंबियात असोकोलफ्लोरेस, १९७३ ची, आणि इक्वाडोरमध्ये एक्सपोफ्लोरेस. या निर्यातदारांच्या. त्यांना परके समजू नका, ड्युटीच्या प्रश्नात त्यांचं आणि तुमचं हित एकच असतं आणि खरं सांगायचं तर अभ्यास आणि पैसा दोन्ही बाबतीत असोकोलफ्लोरेस बरीच दांडगी आहे. बोगोटात त्यांचं प्रोफ्लोरा नावाचं प्रदर्शन एक वर्षाआड असतं. फ्लोरव्हेर्दे नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे पर्यावरण आणि कामगारांचे निकष पाळल्याचा शिक्का, बॉक्सवर बघाल, त्याची सुरुवातही त्यांचीच, १९९६ ची.

कॅलिफोर्नियात कॅलफ्लॉवर्स आहे, १९४१ पासूनची, तिची गंमत म्हणजे मेंबरांना फेडेक्सच्या शिपिंगवर सवलत मिळवून देते आणि बरेच लोक भाषणांसाठी नाही, त्या सवलतीसाठीच मेंबर होतात. यात काही वावगं नाही. युरोपात धंदा करणार असाल तर पत्ते वेगळे, हॉलंडमध्ये होलसेलरांची व्हीजीबी, केनियात केनिया फ्लॉवर कौन्सिल, आणि सगळ्यांच्या वरती ब्रसेल्समध्ये युनियन फ्लूर. एप्रिल २०२५ पासून युरोपियन युनियनने फॉल्स कॉडलिंग मॉथ या पतंगासाठी गुलाबांवर नियम कडक केले तेव्हा केनियातल्या फार्मना कागदोपत्री पूर्ण नवी पद्धत दाखवावी लागली, आणि असली गोष्ट एकेकट्या फार्मला जमणारी नाही. पण हा लेख मायामीचा आहे.

पायरी ३: मेंबर व्हायच्या आधी घरची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नका. पहिला माल यायच्या आधी या गोष्टी हातात हव्यात: फुलांचा अनुभव असलेला ब्रोकर (कपडे आणि मशिनरी सोडवणारा चालत नाही, कारण फुलांचं क्लिअरन्स रात्री-अपरात्री होतं आणि सकाळी नऊला फोन उचलणारा माणूस काय कामाचा), कस्टम्स बाँड, म्हणजे ड्युटी भरली जाईल याची हमी, नेहमीच्या इम्पोर्टसाठी कंटिन्युअस बाँड घेतात आणि त्याची कमीत कमी रक्कम ५०,००० डॉलर असते, म्हणजे तेवढे पैसे भरायचे नसतात, त्यावरचा प्रीमियम भरायचा असतो, हे नवीन लोक ऐकून घाबरतात म्हणून सांगितलं. प्रत्येक शिपमेंटला मूळ देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, कोलंबियात ते आयसीए ही सरकारी संस्था देते, इक्वाडोरमध्ये आग्रोकालिदाद. आणि कोल्ड रूम किंवा कुणाच्या तरी कोल्ड रूममध्ये भाड्याने जागा.

असोसिएशनचा इथे उपयोग एवढाच, की मेंबरांची यादी बघून ब्रोकर, ट्रकवाले, गोडाऊनवाले शोधायचे. यादीत आहे म्हणजे चांगलाच आहे असं नाही, पण फुलातला आहे एवढं तरी कळतं. त्या यादीतल्या तिघांना फोन करा आणि एकच विचारा, व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तुमचा कोण माणूस रात्री दोन वाजता फोन उचलतो? उत्तर देताना जो अडखळतो तो बाद.

पायरी ४: मेंबरशिप घेताना काय विचारायचं

इम्पोर्टरची मेंबरशिप वेगळी आणि जोडधंदेवाल्यांची वेगळी असते, फी आणि मताचा हक्क त्यावर ठरतो. फी किती यापेक्षा हे विचारा: सर्क्युलर कुणाला येतात, एकालाच की ऑफिसमधल्या तीन-चार जणांना? इन्स्पेक्शनच्या मीटिंगला नवीन मेंबर बसू शकतो का? कमिट्या कुठल्या आहेत? माझं स्पष्ट मत, नवीन माणसाने पहिल्या वर्षी लॉजिस्टिक्स किंवा इन्स्पेक्शनवाल्या कमिटीतच बसावं. मार्केटिंग कमिटीत मजा येते पण तिथून तुमचे बॉक्स लवकर सुटत नाहीत.

आणि सर्क्युलर मालकाच्या ईमेलवर जाऊन मरतात. जो माणूस रोज एंट्री (कस्टम्सचे आयातीचे कागद) फाइल करतो किंवा ब्रोकरशी बोलतो त्याचंही नाव यादीत घाला. हे फुकट आहे आणि कुणी करत नाही.

पायरी ५: इन्स्पेक्शन, इथे नीट लक्ष द्या

फुलं तपासणारे लोक कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचे, म्हणजे सीबीपीचे ॲग्रिकल्चर स्पेशालिस्ट. २००३ च्या आधी हे काम शेतकी खात्याकडे, यूएसडीएकडे होतं, आता तपासणी सीबीपी करते पण कीड कुठली आणि तिचं काय करायचं हे ठरवणारे तज्ज्ञ आणि नियम यूएसडीएच्याच एफिस नावाच्या विभागाचे. हे दोन खात्यांचं दुहेरी राज्य डोक्यात बसवा, कारण उशीर होतो तो बऱ्याचदा यांच्यामधल्या देवाणघेवाणीत होतो.

प्रत्यक्षात काय होतं ते एकदा जाऊन बघाच, परवानगी काढून. टेबलावर पांढरा कागद किंवा पांढरा पृष्ठभाग असतो, बॉक्स फोडून बंच बाहेर काढतात, सेलोफेन बाजूला करतात, मग बंच उलटा धरून टेबलावर झटकतात किंवा दांड्यांवर टपटप मारतात. काहीतरी ठिपक्याएवढं पडतं आणि चालायला लागतं. भिंग, चिमटा, छोटी बाटली. आपल्याकडे पॉलीहाऊसवाला ज्याला फुलकिडे, मावा, कोळी म्हणतो तीच मंडळी, कधी अळी, कधी पानावर बुरशीचा डाग. ओळखता आली नाही तर नमुना तज्ज्ञाकडे जातो आणि तोपर्यंत तुमची शिपमेंट होल्डवर. अमेरिकेत आधीच सगळीकडे असलेली कीड निघाली तर सोडतात. नको असलेली निघाली तर तीन रस्ते: धुरी द्या, परत पाठवा, नाहीतर नष्ट करा. धुरी मिथाइल ब्रोमाइडची असते आणि त्यानंतर फुलाचं आयुष्य कमी होतं, त्यामुळे नाजूक फुलाच्या बाबतीत धुरी म्हणजे अर्धी नष्ट करणंच आहे, हिशोब करून ठरवा.

प्रत्येक बॉक्स उघडत नाहीत. कमी जोखमीच्या, भरपूर येणाऱ्या फुलांची तपासणी नमुन्यावर चालते, आणि कुठलं फूल कुठल्या देशातून कमी जोखमीचं हे आधीच्या नोंदींवरून ठरतं. आता बघा असोसिएशन इथे कशी लागते. समजा इक्वाडोरहून येणाऱ्या एका फुलात सारखी कीड सापडायला लागली. दोन-तीन फार्मची चूक, पण तपासणीचं प्रमाण त्या फुलासाठी सगळ्यांचंच वाढतं. तुम्ही एकटे सीबीपीला काय सांगणार? असोसिएशन खात्यांकडे बसून विचारते की कुठली कीड, कुठल्या भागातून, आणि तीच माहिती पलीकडे एक्सपोफ्लोरेसकडे जाते, ते फार्मवाल्यांना कानपिचक्या देतात. फवारणी तिकडे सुधारली की इकडचं प्रमाण उतरतं. याला महिने लागतात, आज फोन केला उद्या सुटलं असं नसतं.

तुमच्याकडून यात एक काम: होल्ड लागला की तारीख, फार्म, फूल, किती तास, काय निघालं, एवढं एका शीटमध्ये लिहून ठेवा. मीटिंगमध्ये 'फार उशीर होतो हो' म्हणणारे ढीगभर असतात, त्यांची कुणी नोंदही घेत नाही. शीट घेऊन येणाऱ्याकडे माना वळतात.

उशिराची किंमतही सांगतो. फुलं साधारण १ ते ३ डिग्री सेल्सियसला ठेवायची असतात. बॉक्सला दोन्ही टोकांना भोकं असतात, माल आत आला की त्यातून थंड हवा ओढून घेतात, त्याला प्रीकूल म्हणतात. मायामीच्या उकाड्यात पॅलेट डांबरावर थांबलं की बॉक्सच्या आतलं तापमान झपाट्याने वर जातं आणि मग पाकळ्यांवर बोट्रायटिस, तीच करडी बुरशी. त्या दिवशी दिसत नाही. तीन दिवसांनी ओहायोतल्या दुकानदाराला दिसते आणि क्लेम तुमच्याकडे येतो.

पायरी ६: ड्युटीचा इतिहास माहीत नसेल तर सर्क्युलर कळणारच नाही

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण असोसिएशनने आजवर सगळ्यात जास्त ताकद कुठे खर्च केली असेल तर इथे.

मूळ दर लक्षात ठेवा, गुलाबाला ६.८ टक्के, बाकी बऱ्याच फुलांना ६.४. ऐंशीच्या दशकात अमेरिकन शेतकऱ्यांच्या फ्लोरल ट्रेड कौन्सिलने तक्रार केली की हे लोक स्वस्तात माल ओततायत, आणि १९८७ मध्ये कोलंबियाच्या फुलांवर अँटी-डंपिंग ऑर्डर, म्हणजे जादा ड्युटी, लागली. म्हणजे तीही एक असोसिएशनच होती, फक्त समोरच्या बाजूची. असोकोलफ्लोरेसने ते भांडण वर्षानुवर्षं कोर्टात लढवलं. मग १९९१ मध्ये अँडियन ट्रेड प्रेफरन्स ॲक्ट आला, कोकेन ज्यापासून बनतं त्या कोकाची शेती सोडून लोकांनी दुसरं काही पिकवावं म्हणून कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हियाच्या मालाला ड्युटी माफ, आणि फुलांचा धंदा सुसाट सुटला.

पण तो कायदा मुदतीचा. २०११ मध्ये मुदत संपली कधी, तर १२ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइनच्या दोन दिवस आधी! त्यानंतर महिनोन्महिने इम्पोर्टर ड्युटी भरत बसले. ऑक्टोबर २०११ मध्ये काँग्रेसने मुदत वाढवली आणि मागच्या तारखेपासून लागू केली, म्हणजे भरलेले पैसे परत. ज्यांनी एंट्री नीट खुणा करून फाइल केल्या होत्या त्यांना ते सोपं गेलं. नंतर १५ मे २०१२ ला कोलंबियाशी मुक्त व्यापार करार लागू झाला, तिकडच्या फुलांची ड्युटी, मुदतीची भानगड न राहता, शून्यावर आली. इक्वाडोरचा असा करार नव्हता, जुनी सवलत जुलै २०१३ अखेर संपली आणि इक्वाडोरच्या गुलाबाला पुन्हा ६.८ टक्के. बऱ्याच खटपटीनंतर २०२० च्या शेवटी गुलाबाला जीएसपी नावाच्या दुसऱ्या सवलतीत घेतलं, आणि दोनच महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०२० ला, ती अख्खी जीएसपी योजनाच संपली. वर्षानुवर्षांच्या खटपटीला दोन महिन्यांचं फळ.

यातून नवीन माणसाने घ्यायची प्रॅक्टिकल गोष्ट: सवलत बंद असली तरी एंट्रीवर त्या सवलतीचा कोड लावून ड्युटी भरायची सोय सीबीपी देते, म्हणजे उद्या काँग्रेसने मागच्या तारखेपासून सुरू केली तर रिफंड आपोआप निघतो. ब्रोकर लावतोय का विचारा. अशी सूचना सर्क्युलरमध्ये एका ओळीत येते आणि ती ओळ वाचणारा पुढे पैसे वाचवतो.

२०२५ तर सगळ्यांना आठवत असेल. २६ जानेवारी, रविवार, डिपोर्टेशनच्या विमानांवरून ट्रम्प आणि कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष पेट्रो यांचं वाजलं आणि दुपारी कोलंबियाच्या सगळ्या मालावर २५ टक्के टॅरिफची घोषणा. व्हॅलेंटाइन १९ दिवसांवर, फुलं कापायला सुरुवात झालेली, स्टँडिंग ऑर्डरचे, म्हणजे आधीच बांधलेल्या नेहमीच्या ऑर्डरचे, भाव महिन्यांपूर्वी ठरलेले, गिऱ्हाईकाला वाढवून सांगता येत नाही. रात्रीपर्यंत मिटलं. पण त्या काही तासांत प्रत्येक इम्पोर्टरच्या मनात एकच प्रश्न होता, विमानात असलेला माल धरणार का नाही, आणि तो प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत नेऊन उत्तर आणायला आपल्या बाजूचं कुणीतरी लागतंच. पुढे एप्रिलमध्ये सरसकट १० टक्के लागलाच, करार असूनही कोलंबियाला सुटका नाही. त्यानंतर दर बदलत राहिले, त्यामुळे कुणाच्या जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका, ज्या दिवशी माल यायचाय त्या दिवशीचा दर ब्रोकरकडून लेखी घ्या.

पायरी ७: व्हॅलेंटाइन आणि मदर्स डे

१ जानेवारी ते १४ फेब्रुवारी हा काळ मायामीत वेगळाच असतो. रोजच्या विमानांवर कितीतरी जादा मालवाहू विमानं, इन्स्पेक्शनला जास्तीची माणसं, गोडाऊनं चोवीस तास. हे सगळं आपोआप होत नाही. सीबीपी किती माणसं कुठल्या पाळीला देणार, एअरलाइनची जादा विमानं कधी उतरणार, एअरपोर्टवर फुलांना सावली-थंडावा कुठे मिळणार, यासाठी असोसिएशन, सीबीपी, यूएसडीए आणि एअरपोर्टवाले खूप आधीपासून बसतात. तुमचं काम, मागितलं की तुमचा अंदाज वेळेवर आणि खरा द्यायचा. बरेच जण स्पर्धकाला कळेल म्हणून आकडा लपवतात किंवा कमी सांगतात, आणि मग माणसं कमी पडली की तेच सगळ्यात मोठ्याने ओरडतात. एकत्र केलेल्या आकड्यात तुमचा आकडा कुणाला दिसत नसतो.

मदर्स डेला लोक हलक्यात घेतात. मे महिना, उकाडा जास्त, फुलांची विविधता जास्त. व्हॅलेंटाइनला मुख्य लाल गुलाब, एकच फूल, तपासणीही त्यामानाने सरळ. मदर्स डेला मिक्स बुके, त्यात दहा जातींची फुलं आणि हिरवा पाला, आणि पाल्यात काय लपून आलंय देव जाणे.

पायरी ८: मीटिंगमध्ये काय बोलायचं नाही

आपल्याकडे व्यापारी संघटना म्हटलं की चार जण बसून भाव ठरवणार असं डोक्यात असतं. इथे ते अजिबात नाही. अमेरिकेत अँटिट्रस्ट, म्हणजे धंदेवाल्यांच्या संगनमताविरुद्धचा, कायदा कडक आहे, मीटिंगच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी त्याची सूचनाच वाचून दाखवतात, आणि ती फॉर्मॅलिटी समजू नका. गुलाब किती सेंटला विकणार, अमक्या गिऱ्हाईकाला कुणीच माल देऊ नका, त्या फार्मकडून सगळ्यांनी मिळून घेणं बंद करू, यातलं काहीही बोलायचं नाही, कॉफीच्या टेबलावरसुद्धा नाही. कुणी विषय काढला तर उठून जा. खरंच उठून जा, आणि गेलात हे लोकांनी बघितलेलं बरं.

पायरी ९: पैसे बुडण्याबद्दल

भाजी-फळांच्या व्यापाऱ्यांना इथे १९३० च्या पाका कायद्याचं संरक्षण आहे, खरेदीदार बुडाला तरी त्यांचा हक्क वरचा राहतो. फुलं त्या कायद्यात येत नाहीत. म्हणजे टोमॅटोवाल्याला जे मिळतं ते गुलाबवाल्याला मिळत नाही. उधारीवर माल देताना म्हणूनच जपून. मला एका होलसेलरने सीझननंतर सहा महिने 'चेक निघालाय' म्हणून झुलवलं आणि शेवटी दुकानच बंद केलं. कुणाला उधारी द्यायची हे संघटना सांगू शकत नाही, पण तिच्यामुळे ओळखीचे झालेले ट्रकवाले आणि क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या सर्व्हिसेस यांच्याकडून माणूस कसा आहे याचा वास लागतो. नवीन गिऱ्हाईकाला पहिल्या सीझनला ॲडव्हान्स किंवा क्रेडिट कार्ड, यावर मी ठाम आहे.

पायरी १०: जाहिरातीसाठी वर्गणी मागतील तेव्हा

कधी ना कधी कुणीतरी म्हणेल की सगळ्यांनी मिळून फुलांची जाहिरात करू, दूधवाले करतात तशी. कल्पना चांगलीच आहे. पण याआधी प्रोमोफ्लोर झालेलं आहे: १९९३ चा कायदा, मोठ्या हँडलरांकडून सक्तीची वर्गणी, आणि १९९७ मध्ये मतदान झालं तेव्हा धंद्यातल्याच लोकांनी ते बंद पाडलं. सक्ती म्हटली की लोक बिथरतात. त्यामुळे आता जे चालतं ते ऐच्छिक. पहिल्या दोन वर्षांत तरी तुम्ही फक्त ऐकून घ्या, खिशात हात घालू नका.

आणि तळेगावचं काय?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतोच. तळेगाव दाभाडे, मावळ भागात एवढे डच गुलाब होतात, व्हॅलेंटाइनला परदेशी जातात, मग मायामीत का नाही आणत? कारण सरळ आहे. बोगोटाहून चारेक तास, मुंबईहून एक विमान बदलून कितीतरी जास्त, आणि हवाई भाडं किलोवर. तळेगावच्या गुलाबाला युरोप, जपान, आखात ही बाजारपेठ बसते, अमेरिका बसत नाही. त्यांचं भांडण इकडच्या असोसिएशनशी नाहीच. पुण्यात इंडियन सोसायटी ऑफ फ्लोरिकल्चर प्रोफेशनल्स आहे, भाडं, कोल्ड चेन वगैरे प्रश्न तिकडच्या संघटनेनेच धसाला लावायचे.

तरीही कुणाला एखादं वेगळं फूल थोडं आणून बघायचं असेल तर क्रम असा: एफिसच्या एसीआयआर नावाच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये देश भारत आणि फुलाचं शास्त्रीय नाव टाकून ते अमेरिकेत यायला परवानगी आहे का आणि कुठल्या अटीवर ते बघा, नावात गफलत झाली तर उत्तरही चुकीचं येतं म्हणून शास्त्रीयच नाव. परवानगी दिसली तर ते पान ब्रोकरला पाठवा आणि त्या दिवशीचा ड्युटीचा दर लेखी मागवा. मग किलोचं हवाई भाडं. हे तीन कागद हातात आल्यावरच तळेगावला फोन लावा.